बावन्नशेला गियर

मृणालिनीने पुण्यातल्या एका कारखान्यात चार वर्षं गियरबॉक्स डिझाइन केले होते. लग्न करून सनीव्हेलला आली आणि ते सगळं थांबलं, कारण तिच्या व्हिशावर नोकरी करायला परवानगी नव्हती. नवरा सुमंत चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. सकाळी तो गेला की अपार्टमेंटमध्ये ती एकटी. लायब्ररी झाली, शेजारच्या मुलांना गणित शिकवून झालं, तरी दुपार उरायचीच.

तिची ती घुसमट सुमंतला दिसत होती. २००३च्या उन्हाळ्यात त्याने एक अठरा वर्षं जुनी जपानी गाडी आणली. हाताने गियर टाकायची, रंग उडालेली. चावी तिच्या हातात देत तो म्हणाला, "घे, काय करायचं ते कर हिचं." त्या दिवशी ती खूप दिवसांनी मनापासून हसली.

पुरुषोत्तमकाकांची ओळख त्या गाडीमुळेच झाली. काका मूळचे सांगलीचे, तीस वर्षं इथे इंजिनिअर म्हणून काढून आता रिटायर झालेले. जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या मंडळींचा त्यांचा एक ग्रुप होता. सॅक्रॅमेंटोच्या पलीकडे पाव मैलाची सरळ पट्टी होती, तिथे महिन्यातल्या एका रविवारी हे लोक आपापल्या गाड्या पळवायचे. मृणालिनी आणि सुमंत एकच गाडी आळीपाळीने चालवायचे. पहिल्याच रविवारी तिची वेळ त्याच्यापेक्षा कमी आली, आणि तीही चांगली अर्ध्या सेकंदाने. जेवताना कुणीतरी म्हणालं, पुढच्या वेळी सुमंतने घरी थांबून डबे करावेत. सगळे हसले. सुमंतही हसला.

गाडी चटकन वेग पकडत नव्हती, ते मात्र दोघांनाही जाणवलं होतं. मृणालिनीने कारण लगेच ओळखलं. हायवेवर पेट्रोल वाचावं म्हणून कंपनीने मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलमध्ये लांब गियर बसवले होते; सुरुवातीला इंजिनाला उगाच ओझं ओढावं लागत होतं. क्राऊन आणि पिनियन ही त्यातली दातेरी चाकांची जोडी बदलली, चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला जास्त फेरे दिले, की तेच इंजिन गाडी जोरात ढकलणार होतं. वरचा वेग थोडा कमी झाला असता, पण पाव मैलात त्याची गरजच नव्हती. भंगारवाल्याकडे त्याच जातीच्या पिकअपमधली जोडी मिळाली. काकांच्या गॅरेजमध्ये ते काम बरेच शनिवार चाललं. ती आणि सुमंत गाडीखाली पाठीवर पडलेले, कोपरापर्यंत काळे झालेले. काकू वरून चहा आणून ठेवायच्या. लग्नानंतर इतक्या गप्पा त्यांनी कधीच मारल्या नव्हत्या.

गियर बदलल्यावर एक प्रश्न राहिला. आता इंजिन भराभर वर चढणार, मग पुढचा गियर नेमका कधी टाकायचा? लवकर टाकला तर इंजिनाचे फेरे एकदम खाली येतात आणि गाडी मरगळते. उशिरा टाकला तर इंजिन नुसतं ओरडतं, ओढत नाही. ते ठरवायला गाडी रोलरवर चढवून तिची ताकद मोजायला हवी होती. सप्टेंबरात ज्या दिवशी मोजायचं ठरलं त्या दिवशी मृणालिनी तापाने फणफणली होती. सुमंत काकांना घेऊन गेला. संध्याकाळी परत येऊन तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "मिनिटाला बावन्नशे फेरे. त्याच्या पुढे इंजिन दमतं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्यात. बावन्नशेला काटा आला की गियर टाकायचा."

तिने मान हलवली. त्याला त्या मोजणीचा आलेख मागावा असं तिच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर ती हरायला लागली. दर वेळी सुमंत तिच्या पुढे. बाहेर उभं राहून ऐकताना तिला वाटायचं, याच्या हातात इंजिन जास्त वर चढतं आहे. तिने एकदा बोलूनही दाखवलं. वाऱ्यामुळे तसं ऐकू येतं, असं तो म्हणाला. मग दोष आपल्याच हातात असणार, असं तिने धरलं. दुपारी पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून ती क्लच आणि गियरचा सराव करायची, डावा गुडघा सुजेपर्यंत. सुमंत ऑफिसातून आला की गरम पाण्याची पिशवी करून तिच्या गुडघ्यावर ठेवायचा. "तुला गाडी कळते गं," तो समजावायचा, "पण कळणं वेगळं आणि चालवणं वेगळं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस." पिशवी निवली की पुन्हा भरून आणायचा.

एप्रिलमधल्या रविवारी तिच्या पहिल्या फेरीत गियर अडकला. दुसऱ्यातून तिसरा पडेना. काटा बावन्नशे ओलांडून गेला, सहा हजारांवर गेला. आता गाडीचा जोर जाणार म्हणून ती घाबरली होती, आणि गाडीने उलट तिला सीटमध्ये दाबलं. तिसरा पडला तेव्हाही तो जोर कमी झाला नाही. गाडी थांबवून ती तशीच बसून राहिली. गियर अडकूनही तिची वेळ गेल्या काही महिन्यांतली सगळ्यात चांगली आली होती.

काका झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. तिने त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, काका, त्या दिवशी रोलरवर इंजिन कुठे दमलं होतं?

"दमलं कुठे?" काका म्हणाले. "त्रेसष्टशेपर्यंत छान ओढत होतं. मी सुमंतला तिथेच म्हटलं, मृणालला सांग, त्रेसष्टशेच्या आधी गियर टाकू नकोस म्हणावं. का, तो बोलला नाही?"

"विसरला असेल," ती म्हणाली.

सुमंत टायरमधली हवा तपासत होता. तिने त्याच्याजवळ जाऊन फक्त एवढंच विचारलं, "तू कितीला टाकतोस?"

त्याने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं, कारण त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. त्याने गेज खाली ठेवला. मग सांगायला लागला. ऑफिसात त्याच्या हाताखालचा माणूस त्याच्या वर गेला होता, ते त्याने घरी सांगितलं नव्हतं. इथे रविवारी यावं तर इथेही लोक हसणार. एकदाच जिंकायचं आणि मग सांगून टाकायचं, असं त्याच्या मनात होतं. मग सांगणं राहून गेलं.

"एका ठिकाणी तरी मी पुढे असावं असं वाटलं," तो म्हणाला.

"तुझ्याकडे बाकीची ठिकाणं होती, सुमंत. माझ्याकडे एवढंच एक होतं."

तिला गुडघ्यावरची ती गरम पिशवी आठवली. खोटा आकडा एकदाच सांगून झाला होता. पिशवी तो रोज भरत होता.

तिची दुसरी फेरी बाकी होती. ती गाडीत बसली, पट्टा लावला. दिवा हिरवा झाला. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, प्रत्येक गियर तिने त्रेसष्टशेला टाकला. हात कुठेही चुकला नाही. पार्किंगमधल्या त्या सगळ्या दुपारी हातात मुरल्या होत्या. त्या गाडीची इतकी कमी वेळ तोवर कुणीच काढली नव्हती. काकांनी टाळ्या वाजवल्या, ग्रुपने आरडाओरडा केला. मृणालिनी हसली, सगळ्यांशी हात मिळवला. हा आनंद आपल्याला गेल्या सप्टेंबरातच मिळायचा होता, असं तिला वाटत होतं, आणि आता तो हातात येऊनही शिळा लागत होता.

परतताना गाडी तिने चालवली. सुमंत दोनदा सॉरी म्हणाला. ती ठीक आहे म्हणाली, आणि त्यानंतर घर येईपर्यंत रेडिओ चालू होता.

ते वेगळे झाले नाहीत. पुढच्या वर्षी तिने सॅन होजेला एम.एस.ला प्रवेश घेतला, व्हिसा बदलून घेतला. सुमंत तिला कॉलेजला सोडायचा, परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक करायचा, आणि त्या पट्टीवर त्याने पुन्हा कधी गाडी चालवली नाही. ओळखीची माणसं म्हणायची, नवरा असावा तर असा.

एका सकाळी ती निघायच्या घाईत होती. सुमंत बाल्कनीतून आत येत म्हणाला, "बाहेर थंडी नाहीये, स्वेटर नको नेऊस."

मृणालिनीने बॅग खाली ठेवली, बाल्कनीचं दार उघडलं आणि हात बाहेर काढून पाहिला. खरंच थंडी नव्हती. ती आत आली तेव्हा सुमंत तिथेच उभा होता, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.