अर्धी दाढी आणि अख्खं मोहोळ

तिला सगळे चौकशी म्हणत. शाळेत हजेरी घेताना तिचं खरं नाव पुकारलं की आधी तीच इकडेतिकडे बघायची, ही कोण बाई म्हणून. एकदा वडिलांबरोबर रेल्वे स्टेशनात गेली, तर तिथल्या एका खिडकीवर ठळक अक्षरांत ‘चौकशी’ अशी पाटी. ती मागच्या दाराने थेट आत शिरली आणि रिकाम्या स्टुलावर जाऊन बसली. बाहेर काढताना वडिलांची पुरेवाट झाली, कारण तोवर तिने आतल्या साहेबाला चार प्रश्न विचारले होते आणि पाचवा अर्ध्यावर होता.

तिची आत्या मधमाश्या पाळायची. गावाबाहेर टेकडीच्या उतारावर आत्याच्या लाकडी पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. आत्या मोजकंच बोलायची. माश्यांना बडबड आवडत नाही, असं तिचं म्हणणं. आई म्हणायची, आवडत तिलाच नाही, उगाच माश्यांचं नाव पुढे करते.

“आत्या, राणीमाशी दिवसभर करते काय?”

“अंडी घालते.”

“आणि हुकूम कधी सोडते?”

“नाही सोडत.”

“मग राणी कसली? कुठे जायचं, कधी जायचं, हे ठरवतं कोण?”

“सगळ्या मिळून.”

हे काही चौकशीला पटेना. ‘आपण सगळे मिळून ठरवू’ असं तिच्या घरीही वडील नेहमी म्हणत, आणि मग आईने आधीच ठरवलेलं असे तेच होई. पेटीत इतक्या हजारो माश्या, त्यांच्यात एखादी तरी आई असणारच! ती कोण, हे शोधून काढायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. पण आत्या तिला पेट्यांच्या जवळ फिरकू देत नसे.

एका रविवारी आत्याची दाढ अशी ठणकायला लागली की तिचा गाल फुग्यासारखा झाला. ती सकाळच्या बसने दाताच्या डॉक्टरकडे निघाली. जाताना गालावर रुमाल दाबून म्हणाली, “पेट्यांवर लक्ष ठेव. लांबून.”

चौकशी एका दगडावर बसून लांबून लक्ष ठेवत होती. ऊन चढलं तशी कडेच्या पेटीसमोर गर्दी वाढू लागली. मग एकाएकी, शाळा सुटल्यावर पोरं दारातून सांडावीत तशा माश्या भळाभळा बाहेर पडल्या. हवेत त्यांचा मोठा गरगरता ढग झाला. त्याचा आवाज असा, की तिच्या दातांत गुदगुल्या झाल्या. घर अपुरं पडलं की जुनी राणी निम्मं बिऱ्हाड घेऊन नवी जागा शोधायला निघते, हे आत्याने सांगितलेलं होतं. म्हणजे आज तेच! आणि ढग निघाला गावाच्या दिशेने.

लांबून म्हणजे किती लांबून, हे काही आत्याने सांगितलं नव्हतं. शिवाय उडणाऱ्या माश्यांवर लक्ष ठेवायचं तर मागे पळायलाच हवं. चौकशी पळत सुटली. मान वर आणि पाय खाली, त्यामुळे आधी एक कुंपण लागलं, मग एक चर, मग चिखल. डावी चप्पल चिखलाने ठेवून घेतली. गावातली कुत्री शेपट्या घालून बाजूला झाली, ओट्यावरच्या बायकांनी धडाधड दारं लावली. ढग मात्र कुणाकडे न बघता सरळ गेला, गिरणी ओलांडली, कोपऱ्यावर वळला आणि सलूनच्या उघड्या दारातून आत शिरला.

दुसऱ्याच क्षणाला सलूनवाले काका बाहेर आले. ते धावत आले म्हणावं, तर त्यांचे पाय जमिनीला लागलेले कुणी पाहिले नाहीत. एका हातात वस्तरा, दुसऱ्यात साबणाचा ब्रश.

“आत कोणी आहे का हो काका?” चौकशीने विचारलं.

“आहेत ना!” काका धापा टाकत म्हणाले. “तुझे हेडसर आहेत. अर्धेच झालेत.”

चौकशीने दारातून डोकावून पाहिलं. हेडसर खुर्चीत मागे रेललेले होते, गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत पांढरं कापड, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस. त्यांच्या नाकासमोर हातभर अंतरावर वायरला लटकणारा दिवा होता, आणि आता दिव्याच्या जागी तपकिरी, चमकता, हलता घोसच्या घोस लोंबत होता. अख्ख्या सलूनमध्ये पूर्ण दाढी एकच होती आणि ती दिव्याला होती.

“कोण आहे?” सरांनी ओठ न हलवता विचारलं.

“मी आहे सर. चौकशी.”

सरांनी डोळे मिटून घेतले. संकटं एकेकटी येत नाहीत, असं त्यांना वाटलं असावं.

“सर, उठू नका. डोकं दिव्याला लागेल. हातवारे नकोत, आणि त्यांच्यावर जोरात श्वास सोडू नका. आत्या म्हणते, निघताना त्या पोटभर मध पिऊन निघतात आणि राखायला घर नसतं, म्हणून डिवचल्याशिवाय सहसा चावत नाहीत.”

“सहसा?” सर म्हणाले.

“ती सहसाच म्हणते.”

चौकशी भिंतीला धरून हळूहळू आत आली आणि बाकावर बसली. आत्याची बस यायला अवकाश होता. काका दाराबाहेरून एक डोळा तेवढा आत ठेवून उभे होते. घोस गुणगुणत होता. आणि तेव्हा चौकशीच्या लक्षात आलं, की ‘प्रश्न नंतर’ असं वर्षभर म्हणणारे हेडसर तिच्यासमोर बांधून ठेवल्यासारखे बसलेत, आणि त्यांना कुठेही जायचं नाही.

“सर, तुम्ही शाळेत कधी नापास झाला होता का?”

“हळू बोल.” सरांनी दाराबाहेरच्या काकांकडे डोळे वळवले. “एकदा. भूगोलात.”

“पण तुम्ही तर आम्हाला भूगोलच शिकवता!”

“म्हणूनच शिकवतो. तो विषय मला फार काळजीपूर्वक वाचावा लागला.”

“आणि शाळेची घंटा तुम्ही नेहमी थोडी उशिरा का देता?”

“माझं घड्याळ मागे पडतं.”

“मग दुरुस्त का करत नाही?”

“त्या माश्यांकडे बघ,” सर घाईने म्हणाले. “त्यांचं काय चाललंय ते सांग. मला आरशात सगळंच उलटं दिसतंय.”

चौकशीने पाहिलं आणि घड्याळाचा विषय तिथेच राहिला. घोसावरच्या बहुतेक माश्या एकमेकींना धरून नुसत्या लटकल्या होत्या. पण वरच्या बाजूला काही जणी वेगळंच काहीतरी करत होत्या. एखादी थोडं सरळ चालायची, चालताना शेपटीकडचं अंग थरथर हलवायची, मग वळून परत पहिल्या जागी. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेजारच्या माश्या तिच्या मागेमागे जायच्या, आणि मग त्यांतली एखादी भुर्रकन दाराबाहेर निघून जायची.

“सर, त्या नाचताहेत! आणि एक काळी आहे.”

“काळी म्हणजे?”

“काजळी लागल्यासारखी. आणि पलीकडे एक पांढरी आहे. पीठ सांडल्यासारखी.”

सर विसरलेच की आपल्याला घाबरायचं आहे. त्यांनी मान इंचभर पुढे केली. “पीठ म्हणजे गिरणी. गिरणीच्या माळ्यावर पीठच पीठ असतं.”

“आणि काजळी?”

“विटांच्या बंद भट्टीचं धुराडं!” दोघं एकदमच म्हणाले.

आता चौकशीला सगळा उलगडा झाला. या माश्या जागा बघून येत होत्या! कुणी धुराड्यात शिरून काळी होऊन आली होती, कुणी गिरणीच्या माळ्यावरून पांढरी होऊन. आणि दोघीही इकडे नाचून सांगत होत्या, माझी जागा बघा, माझी बघा.

“मला वाटतं भट्टी जिंकणार,” सर कुजबुजले. “उंच, बंद, शांत. मी माशी असतो तर तिथेच राहिलो असतो.”

“छे! धुराडं वरून उघडं आहे सर. पाऊस आला की गेलं सगळं बिऱ्हाड वाहून. गिरणीच म्हणते मी.”

“काय चाललंय आत?” काकांनी बाहेरून विचारलं.

“निवडणूक!” सर म्हणाले.

काका मग राहवेना म्हणून पाय न वाजवता आत आले आणि चौकशीच्या मागे उभे राहिले. ते भट्टीच्या बाजूने होते, कारण गिऱ्हाइकाच्या विरुद्ध बोलायची त्यांना सवय नव्हती. बराच वेळ काळ्या आणि पांढऱ्या बरोबरीत नाचत होत्या. मग एक काळी थांबली. ती एका पांढरीच्या मागे चार पावलं गेली आणि बाहेर उडाली. परत आली तेव्हा तिच्या काळ्या अंगावर पीठ होतं, आणि आता ती पांढऱ्यांसारखी नाचत होती.

“फितूर!” सर म्हणाले.

“नाही सर. ती बघून आली. तिला ती जागा आवडली.”

चौकशी राणीला शोधत होती, सगळ्यांना दटावणारी एखादी आई शोधत होती. तशी कोणीच दिसेना. कुणी कुणाला अडवत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. काळ्या एकेक करून थांबत होत्या, पांढऱ्या वाढत होत्या, आणि शेवटी नाचणारी प्रत्येक माशी एकाच दिशेला तोंड करून थरथरू लागली. गिरणीच्या दिशेला.

“खरंच सगळ्या मिळून,” ती स्वतःशीच म्हणाली. आत्या खोटं बोलत नव्हती तर! पुढच्या क्षणी ती बाकावरून उठली. ठरलं म्हणजे आता निघणार. गुणगुण वाढली होती, घोस आतून हलायला लागला होता. माळ्यावरून त्यांना खाली काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, आणि गिरणीवाला तर झुरळ दिसलं तरी गिरणी बंद ठेवून घरी जाणारा माणूस.

तेवढ्यात कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. चौकशी एका चपलेने धावत सुटली आणि बसमधून उतरणाऱ्या आत्याला तिने रस्त्यातच गाठलं. आत्याच्या गालात कापूस होता, तोंड निम्मं बधिर होतं.

“आत्या, कडेची पेटी उठली! सलूनमध्ये आहेत, आणि ठरलंय त्यांचं, गिरणीत जायचं!”

आत्याचे डोळे मोठे झाले. “फेफी! फिकामी फेफी आण! आणि फाफर!”

आत्या आयुष्यात पहिल्यांदाच भरभरून बोलत होती, आणि नेमकं आज काही कळत नव्हतं. पण चौकशीला कळलं. रिकामी पेटी आणि चादर. सलूनसमोरच्या आत्याच्या मध विकायच्या खोलीत दोन्ही होतं, ते ती घेऊन आली.

आत्या सलूनमध्ये शिरली, तिने दिव्याकडे एकवार पाहिलं आणि काकांना म्हणाली, “फिवा फालवा.”

“काय म्हणतात त्या?” काका पांढरे पडले.

“दिवा हलवा म्हणते,” चौकशीने सांगितलं.

“मी?”

“मी हलवतो,” खुर्चीतून आवाज आला. “मीच जवळ आहे.”

पेटी उघडून आत्याने दिव्याखाली धरली, दुसरी बाजू चौकशीने धरली. पेटीची कड सरांच्या पोटावर टेकली होती. सरांनी कापडाखालून हात काढला, वायर धरली आणि एकच हिसका दिला. धप्प! सगळा घोस ओल्या कणकेच्या गोळ्यासारखा पेटीत पडला. उरलेल्या माश्या खोलीभर उसळल्या. काका पुन्हा अधांतरी बाहेर गेले. चौकशीच्या कानाजवळून, केसांतून वारा गेल्यासारखं झालं, पण तिने पेटी सोडली नाही. ती बघत होती.

आत्याने पेटी जमिनीवर ठेवून तोंडाशी चादर अंथरली. थोड्या वेळाने काही माश्या पेटीच्या दारात आल्या, डोकं आत, शेपटी वर, आणि पंख हलवू लागल्या. मग खोलीभर फिरणाऱ्या माश्या चादरीवर उतरून मिरवणुकीसारख्या चालत आत जाऊ लागल्या.

“फाणी आफ आहे,” आत्या समाधानाने म्हणाली.

“राणी आत आहे,” चौकशीने सर्वांना सांगितलं. “पण राणीने नाही ठरवलेलं हं.”

संध्याकाळपर्यंत पेटी तिथेच ठेवावी लागली, बाहेर गेलेल्या माश्या परत याव्यात म्हणून. काकांनी सरांना दारापाशी, दुसऱ्या खुर्चीत बसवून त्यांचा राहिलेला गाल पूर्ण केला. मध्ये दोनदा थांबून त्यांनी पेटीकडे बघून घेतलं. सर पैसे देऊनही जाईनात. चादरीशेजारी उकिडवे बसून ते आत्याला विचारत होते, आतली जागा मोठी की लहान हे माशी मोजते कशी, लांबून परत येताना वाट कशी सापडते, पाऊस पडला तर ठराव रद्द होतो का. आत्या प्रत्येक वेळी गालावर रुमाल धरून चौकशीकडे बोट दाखवायची. चौकशीला निम्मंच माहीत होतं. उरलेल्या निम्म्याला तिने चक्क सांगितलं, “मला माहीत नाही सर. बघायला लागेल.”

“मग बघू,” सर म्हणाले.

दिवेलागणीला तिघांनी पेटी हातगाडीवर ठेवली आणि टेकडीकडे निघाले. चढावर सर ढकलत होते, आत्या वाट दाखवत होती. पेटी घसरू नये म्हणून चौकशी तिला कवटाळून चालली होती. लाकूड आतून कोमट लागत होतं, आणि गुणगुण तिच्या छातीपर्यंत येत होती. उतारावर नवी जागा आल्यावर आत्याने पेटी ठेवायला दगड सारखा केला. मग ती चौकशीकडे वळली. तोंडाचा बधिरपणा आता ओसरला होता.

“उद्यापासून जवळ येऊन बघ,” आत्या म्हणाली. “आणि चप्पल घालून ये.”