जिथे मी उमटलो नाही

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ साध्या लाकडाची, पण ऐट मात्र पाटलाची. माझ्यावर तीनच शब्द आहेत: 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट'. मित्रांनो, याचा अर्थ असा की, करारावर सह्या होईपर्यंत ही नुसती बोलणी.

माझा जन्म लंडनचा. तिथे वकिलांच्या एका कचेरीत मी वीस वर्षे राबलो. भांडण मिटवण्याचे पत्र निघाले की आधी मला हाक. मी ज्या पत्रावर उमटलो, त्यातला शब्द इंग्रजी कायद्यात सहसा कोणाला बांधत नसे. मग ईमेल आले आणि माझी शाई वाळली. कचेरीतल्या मंजूषाताईंनी मला कचऱ्यातून उचलले आणि आपल्याबरोबर नेदरलँड्समधल्या हार्लेमला आणले. इथे त्यांच्या घरच्या टेबलावर मी नगरपालिकेकडून आलेली पत्रे दाबून धरतो. काम हलके आहे, पण कोणी कौतुक करत नाही.

एप्रिलमध्ये शेजारची संहिता रडवेली होऊन आली. ती चित्रकार. लंडनच्या एका प्रकाशकाने तिची चित्रे दुसऱ्याच्या नावाने छापली होती. ईमेलवर समेट झाला होता: नव्या आवृत्तीवर तिचे नाव येणार, तिने तक्रार मागे घ्यायची. आता प्रकाशक म्हणत होता, सह्या झाल्या नाहीत, म्हणजे काहीच ठरलेले नाही.

"ताई, माझं नाव गेलंच का गं?"

मंजूषाताईंनी सगळे ईमेल वाचले. "सगळ्या टर्म्स ठरल्यात. त्यांनी 'मान्य, वाद मिटला' असं लिहिलंय, तू होकार कळवलायस. आणि हा," त्यांनी मला उचलले, "हा एकाही ईमेलमध्ये नाही. सह्या झाल्यावरच लागू, असं कुणीच म्हटलेलं नाही. अगं, सुपारी फुटली. पत्रिका छापायची राहिली म्हणून लग्न मोडतं का?"

जन्मभर उमटण्याचा तोरा मिरवला आणि कामी आलो तो न उमटल्यामुळे. मला हसू आवरेना.

ताईंनी प्रकाशकाला तसे कळवले. पंधरा दिवसांत उत्तर आले: ठरल्याप्रमाणे करतो. सप्टेंबरात पुस्तक आले. मुखपृष्ठावरच्या आपल्या नावावरून संहिता कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. मला फार आनंद झाला.

"रविवारी माझ्याकडे पुरणपोळ्या," ती म्हणाली.

ताईंनी मला चटकन ड्रॉवरमध्ये टाकले. "आता हा मधे नको. ठरलं."

मित्रांनो, मन पक्के झाले नसेल तर शब्द देण्याआधी मला जरूर बोलवा. एकदा शब्द दिलात की मात्र मला शोधत बसू नका, तो पाळा.

आज रविवार आहे. शेजारून पुरण शिजल्याचा वास येतो आहे.