दुसरा क्लच

"मास्तर, तुम्ही उतरा. बाईंना एकट्यांना चालवू द्या," परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, आणि मास्तर बायकोकडे बघत खाली उतरले. आधीचे साहेब त्यांना गाडीत बसू देत. हे साहेब नवीन.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही, शिकणाऱ्याच्या क्लचला जोडलेला, एक क्लच असतो. शिकणाऱ्याने आपला क्लच झटक्यात सोडला की गाडी आचका देऊन बंद पडते. गिऱ्हाईक हिरमुसतं, मालक कुरकुरतो. म्हणून मास्तरांचा डावा पाय वर्षानुवर्षं आपल्या बाजूचा क्लच हळूच दाबायचा, हळूच सोडायचा. शिकणाऱ्याला वाटे, वा, जमलं की! या चोरट्या पायावर मास्तरांचं गावभर नाव झालं होतं.

बायकोच्या बाबतीत असं करायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा गुडघा कामातून गेला होता आणि मालकाने दुसरा माणूस बघून ठेवला होता. बायकोला बालवाडीच्या व्हॅनवर काम मिळत होतं, फक्त लायसन्स हवं होतं. पण पहिल्याच दिवशी गाडीने आचके दिले, तिचा चेहरा एवढासा झाला, आणि मास्तरांचा पाय आपसूक क्लचवर गेला. तो पुन्हा काही निघाला नाही. ती खुशीत घरी यायची, शेजारणींना सांगायची. मास्तर मूग गिळून बसायचे. ते हसू आपल्या पायाचं आहे, याचं त्यांना, खरं सांगायचं तर, बरंच वाटायचं.

परीक्षेच्या मैदानात गाडी बंद पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा रांगेतलं कुणीतरी हसलं आणि साहेबांनी नकारार्थी मान हलवली. पुढची परीक्षा महिन्याने होती, आणि बालवाडीच्या बाई तोवर थांबणार नव्हत्या.

मास्तर शेजारी येऊन बसले. ती त्यांच्या पायाशी असलेल्या क्लचकडे बघत होती.

"मला येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मला एकटीलाच माहीत नव्हतं."

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"पाय वर घ्या. मांडी घालून बसा. आणि आता सांगा, कसा सोडायचा."

गुडघ्याचं नाव काढायची त्यांची छाती झाली नाही. कळ सोसत त्यांनी मांडी घातली. गाडी थरथरेपर्यंत क्लच सोड, तिथेच पाय धर, मग ॲक्सिलरेटर दे, असं ते सांगत गेले. रस्त्यात गाडी चारदा बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत होते. सिग्नलला एक रिक्षावाला आत डोकावून मांडी घातलेल्या मास्तरांना बघून खो खो हसला. ती हसली नाही, रडलीही नाही. चढावर गाडी मागे सरकली, मास्तरांनी डोळे मिटले, आणि तिने गाडी सावरून अलगद वर काढली.

"जमलं बघ," मास्तर म्हणाले. तिने गिअर बदलला.

स्कूलच्या आवारात गाडी थांबली तेव्हा मास्तरांचा पाय बधिर झाला होता.

"आता खाली सोडू का?" त्यांनी विचारलं.

ती केव्हाच उतरून फाटकाकडे चालू लागली होती.