निळ्या रेघेची साक्ष

“या यंत्राला रंग कशाशी खातात तेसुद्धा माहीत नाही,” ताई पुटपुटली. तिचं नाक यंत्राला जवळजवळ टेकलं होतं, आणि मी तिच्या मागे इतकी खेटून उभी होते की हा टोमणा यंत्राला होता की मला, हे क्षणभर कळेना. टाक्यांची ती खोलीच तशी अरुंद. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागतं, आणि ताई कधी सरत नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. माशांना काय दिसतं, हा तिचा जन्मभराचा विषय. मी बाहुल्या करून विकते. कुणी शिकवलं नाही, बिघडवत बिघडवत शिकले. मागे एकदा तिने सहज विचारलं, मासा करशील का? तेव्हापासून तिच्या प्रयोगांसाठी बोटाएवढे खोटे मासे मीच ओतून देते. शिवाय राहायलाही तिच्याकडेच, त्यामुळे भांडायला मी तिला दोन्ही ठिकाणी आयतीच सापडते.

तिचा मासा दिसायला अगदी सामान्य, ओढ्याच्या तळासारखा मातकट. पण विणीचे दिवस आले की नराच्या डोळ्याखाली एक निळी रेघ उमटते, अशी की बघणाऱ्याने बोलता बोलता थांबावं. ताईचं म्हणणं, ती रेघ म्हणजे दुसऱ्या नराला दिलेला दम आहे: ही जागा माझी, पुढे येऊन बघ. बाकीचे विद्वान म्हणायचे, छे, अंगावर पुरळ उठावं तशी ती उठते, तिला काही अर्थ नाही. हा वाद ताईच्या पांढऱ्या केसांपेक्षा जुना. तो मिटवायची वाट एकच होती. खोट्या माशाला तशी रेघ काढायची, टाकीत सोडायचा आणि नर त्याच्यावर धावून जातो का ते बघायचं. आणि वेळ होता तो याच विणीपुरता. त्यानंतर ताई निवृत्त होणार आणि टाक्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात जाणार. ते म्हणे शेवाळावर काम करणार होते. ताईने ही बातमी सांगताना ‘शेवाळ’ हा शब्द असा उच्चारला की मला शेवाळाची दया आली.

आणि नर काही धावून जाईनात. आमच्या या माशांच्या बाहुल्या समोर आल्या की ते शेपूट फिरवून कोपऱ्यात जात, नको असलेल्या पाहुण्याकडे बघून आपण पेपर उघडतो तसे.

असं का होतंय ते तिघांना माहीत होतं. एक मी. दुसरा शंकासुर, म्हणजे ताईचा विद्यार्थी. चांगला तिशीचा, दाढीवाला, पण ‘पण’ म्हटल्याशिवाय त्याचं वाक्यच सुरू होत नाही, म्हणून ताईनेच ठेवलेलं हे नाव. तिसरे पाणीवाले काका, टाक्यांचं पाणी बदलणारे. बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावतात आणि गरजेपुरतंच बोलतात.

रंग मोजायचं ते यंत्र खऱ्या माशाच्या रेघेचा रंग मोजून देई. जांभळ्याच्या पलीकडे आपल्याला नुसता काळोख. माशांना तिथे आणखी एक खोली दिसते. यंत्र त्या खोलीतलंही सांगे. त्याप्रमाणे शंकासुर रंग कालवायचा आणि तो अगदी माशासारखा जमायचा. मग ताई यायची, त्यातल्या निळ्याचं माप वाचून म्हणायची, इतका निळा? हे काय भलतंच, आणि खरा मासा शेजारी धरून आपल्या डोळ्यांनी रंग पुन्हा कालवायची. तिच्या हातून निघालेली रेघ शेवाळी असायची, नळाखालच्या फरशीवर धरते तसली. ती मात्र माशाशेजारी धरून म्हणायची, बघा, एका केसाचाही फरक नाही. आम्ही बघायचो. कुणी काही बोलायचं नाही. यंत्र तपासायला माणूस येऊन गेला आणि यंत्र ठणठणीत आहे म्हणाला. शंकासुराने ताईला सांगितलं, दुरुस्त झालं.

ताईचा डोळा ही त्या इमारतीत दाखला द्यायची गोष्ट होती. पूर्वी रंगाच्या दोन छटांवरून कुणाचं जमलं नाही की लोक तिच्याकडे यायचे. पण घरात ती हल्ली सगळे दिवे बदलत सुटली होती, आता दिवेच मिणमिणते बनवतात म्हणून. एकदा एका पायात काळा आणि एका पायात गर्द निळा मोजा घालून ती व्याख्यान देऊन आली. तेव्हापासून मी तिच्या मोज्यांच्या जोड्या गाठ मारून ठेवते. ती म्हणते, काय हा खुळेपणा. मी म्हणते, हरवतात गं.

सरळ सांगायचं मी टाळत होते, कारण आमच्या बाबांच्या डोळ्यांवर असाच पडदा आला होता. ते हसत हसत शस्त्रक्रियेला गेले आणि भिंतीला हात लावत घरी आले. लाखात एखादं बिघडतं म्हणतात, ते एखादं आमच्या घरी आलं. तेव्हा ताई शाळकरी होती. त्या आजाराचं नाव त्यानंतर आमच्या घरात कुणी घेतलं नाही. गंमत अशी, की हीच ताई दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर डोळा काढून मुलांना सांगते: वय झालं की आतलं भिंग पिवळं पडतं आणि सगळ्यात आधी निळा अडतो. पण ते सगळं दुसऱ्यांच्या डोळ्यांबद्दल.

तर त्या सकाळी यंत्राला बोल लावून झाल्यावर तिने फर्मान काढलं. यंत्राच्या रंगाच्या बाहुल्याही घाला, माझ्या रंगाच्याही घाला, खरं कोण ते एकदाचं माशालाच विचारू. मी बाहुल्या केल्या आणि यंत्राच्या रंगाच्या होत्या त्यांच्या पोटाला सुईने बारीक टोचा मारून ठेवला.

मग शंकासुराचा ‘पण’ आला. बघायला बसेल त्याला कुठली बाहुली कुणाची हे कळता कामा नये, नाहीतर मनात असतं तेच दिसतं. हा नियम ताईचाच. पण असा माणूस आणायचा कुठून? त्या दोन रेघा कुणीही दारातून बघून ओळखल्या असत्या. आपण काय विचारून बसलो हे त्याचं त्यालाच कळलं आणि तो दाढी खाजवायला लागला. काका छताकडे बघू लागले.

“मी बसते,” ताई म्हणाली. “दोन्ही रंग इतके सारखे आहेत, की शपथेवर सांगते, मलाही ओळखू येणार नाहीत.”

काकांनी कोपऱ्यातलं स्टूल उचलून टाकीपुढे ठेवलं.

ताई टाकीसमोर स्टुलावर बसली. काका पडद्यामागे उभे राहिले. मी पिशवीत हात घालून न बघता बाहुली काढायची, काका ती तारेला लावून पाण्यात सोडायचे, आणि ताई निकाल द्यायची: भांडण, नाहीतर दुर्लक्ष. शंकासुर टिपून घ्यायचा. भांडण झालं की काका ती बाहुली उजव्या ताटलीत ठेवायचे, दुर्लक्ष झालं की डाव्या. मग पुढची टाकी, पुढचा नर.

पहिली बाहुली आत गेली. नर आला, वास घेतल्यासारखं केलं आणि वळला. दुर्लक्ष, ताई म्हणाली. तिच्या मानेवरून मला कळलं की तिने हे धरूनच ठेवलं होतं.

दुसरी आत गेली आणि टाकीत जणू कुणी काडी ओढली. नर जागच्या जागी दुप्पट झाला. कल्ले फुलले, पर ताणले गेले, डोळ्याखालची रेघ पेटली आणि तो असा सुटला की बाहुली तारेवर गरगर फिरली. मागे हटला, पुन्हा आला. तिच्या तोंडावर तोंड आपटत राहिला. माझ्या हातची बाहुली कुणी इतकी मनापासून खरी मानलेली मी आजवर बघितली नव्हती.

“भांडण,” ताई म्हणाली. आवाज कोरडाच ठेवला होता, पण स्टुलाचा एक पाय फरशीवर टकटक वाजायला लागला.

मग ते थांबेचना. दुर्लक्ष, भांडण, भांडण, दुर्लक्ष. पाणी उडून तिचा चेहरा ओला झाला, तिने पुसला नाही. एका नराने तर बाहुलीची रेघच ओरबाडून काढली. काका पडद्यामागून बोलले, हा आमचाच, याला मी वाढवला.

आणि उजवी ताटली निळी होत गेली. डावी शेवाळी. आम्ही तिघं त्या ताटल्यांकडे बघत होतो आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. एकही बाहुली चुकीच्या ताटलीत गेली नाही. ताटल्या ताईच्या अगदी समोर होत्या.

पिशवी संपली. ताईने उजव्या ताटलीतल्या बाहुल्या एकेक करून उलट्या केल्या. सगळ्यांच्या पोटाला टोचा. डावीतल्या एकीलाही नाही. ती उठली आणि शंकासुराला दाढीसकट मिठी मारली. मग काकांना, मग मला. माझ्या कानात म्हणाली, छोटे, ती रेघ बोलते गं, मी सांगत नव्हते? तिचा असा आवाज मी शेवटचा ऐकला तो ती शाळेत पहिली आली तेव्हा. यंत्रापुढे जाऊन तिने रीतसर माफीही मागितली.

मग ती सांगू लागली आणि शंकासुर लिहू लागला. रेघ हा दम आहे. नर तिच्यावर धावून जातो. रंग जरा हुकला तरी तो फसत नाही, आणि हा फरक इतका सूक्ष्म आहे की माणसाच्या डोळ्याला तो दिसतही नाही.

शंकासुराचं पेन थांबलं.

लिही की, ताई म्हणाली. यातही ‘पण’ आहे का?

तो “पण” म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यापुढे काही बोलला नाही. ताईने त्याच्याकडे बघितलं. मग काकांकडे, मग माझ्याकडे. कुणाच्या चेहऱ्यावर काय लिहिलंय हे वाचायला तिला कधी जास्त उजेड लागला नाही.

तिने दोन्ही ताटल्यांतून एकेक बाहुली उचलली, पाठीमागे हात नेऊन अदलाबदल केली आणि तळवे माझ्यापुढे धरले.

“छोटे, यंत्राची कुठली?”

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. मी डाव्या हाताकडे बोट दाखवलं. तिने पोटावरचा टोचा बघितला. पुन्हा हात मागे, पुन्हा विचारलं. पुन्हा बरोबर. मग शंकासुर. मग काका, चष्मा कपाळावर ठेवून, तीन पावलं लांबून. तेही बरोबर.

ती दोन्ही बाहुल्या घेऊन खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरून उभी राहिली. मला भिंत चाचपडणारे बाबा दिसत होते. मग तिचे खांदे हलू लागले, म्हणून मी धावले. जवळ जाऊन बघते तर ती हसत होती.

“म्हणून मोज्यांना गाठी,” ती म्हणाली.

मी मान डोलावली. तिने ओल्या हाताने माझा गाल चिमटीत धरला, लहानपणी धरायची तसा, आणि मग शंकासुराकडे वळून सांगू लागली, शब्द सुटे सुटे करून, एकही निसटू नये म्हणून.

“ते शेवटचं वाक्य खोड. त्या जागी लिही. माशाला फरक दिसतो. बघणाऱ्या बाईला दिसत नव्हता, म्हणून तिची साक्ष कुणाला खोडता येणार नाही.” तिने दोन्ही बाहुल्या त्याच्यापुढे ठेवल्या. “बघणाऱ्या बाईला मोतीबिंदू आहे.”