सावळघाटातली उघडी गाडी

झाकलेल्या गाडीचा फोटो काढायचा नाही, हा बाबांचा नियम होता.

नवं मॉडेल बाजारात येण्याआधी कंपनी ते वर्षभर रस्त्यांवर पळवून बघते. तेव्हा गाडीच्या अंगभर काळ्या-पांढऱ्या वेड्यावाकड्या नक्षीचे स्टिकर असतात आणि तोंडावर जाड कापडाचा मुखवटा, म्हणजे आकार कोणाला कळू नये. नाशिकमध्ये पेठ रोडला, त्र्यंबक रोडला अशा गाड्या अधूनमधून दिसतात. हौशी फोटोवाल्यांमध्ये त्यांना फार भाव आहे. एक फोटो मिळाला की संध्याकाळपर्यंत तो देशभर फिरतो. बाबा मात्र अशी गाडी दिसली की कॅमेरा खाली घ्यायचे. "कपडे बदलणाऱ्या माणसाकडे बघतात का?" म्हणायचे.

त्यांचं सगळं आयुष्य सातपूरला, कंपनीच्या पेंट शॉपमध्ये गेलं. गाड्यांना रंग देण्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी खिशात मावेल असा कॅमेरा घेतला आणि दर रविवारी सकाळी स्कूटरवरून बाहेर पडायला लागले. रविवार कारंजा, द्वारका, शिफ्ट सुटतानाचा सातपूरचा रस्ता. फक्त गाड्या आणि रस्ते. माणसं आपोआप येतात म्हणायचे, त्यांना बोलवावं लागत नाही.

जानेवारीत ते गेले. फेब्रुवारीपासून रविवारी मी बाहेर पडू लागले. स्कूटर तीच, कॅमेरा तोच, त्यातलं कार्डही तेच.

कार्डावर त्यांचे शेवटचे फोटो होते. मी ते पाहिले नव्हते. घरी आल्यावर मी माझे फोटो मागे मागे बघत जायचे आणि माझा पहिला फोटो आला की थांबायचे. अजून एकदा बटण दाबलं असतं तर त्यांचा शेवटचा फोटो समोर आला असता. कॉम्प्युटरवर उतरवून घे, असं आई दोनदा म्हणाली. उतरवताना ते दिसले असते. दिसले की संपले, असं मला वाटायचं. जोवर पाहिले नाहीत तोवर बाबांचं काहीतरी सांगायचं राहिलेलं होतं.

एप्रिलमध्ये मी सावळघाटात गेले. घाट चढून आलेल्या जीपांचे फोटो काढायचे होते. पेठकडच्या जीपांच्या आत जितकी माणसं तितकीच मागे लोंबकळलेली असतात. वर भिमाबाईची चहा-भज्यांची टपरी आहे. तिथे स्कूटर लावली आणि समोर, झाडाखाली, ती गाडी दिसली. स्टिकर होते, पण तोंडावरचा मुखवटा नव्हता. बोनेट अर्धवट उघडं, आतून वाफ येत होती. बाजूला दोन माणसं पाण्याचा कॅन घेऊन उभी. पुढचे दिवे, जाळी, सगळं उघडं. त्यावर पानांमधून ऊन पडलं होतं.

गाडी झाकलेली नव्हती, असं मी मनाशी म्हटलं. आणि तीन-चार फोटो काढले.

"ओ मॅडम!"

मी कॅमेरा पिशवीत टाकून स्कूटरकडे वळले, तर त्यांच्यातला मोठा, ड्रायव्हर असावा, माझ्या आधी पोचला. त्याने स्कूटरची किल्ली काढून मुठीत घेतली.

"मल्हारी," टपरीतून भिमाबाई ओरडली, "बाईमाणसाच्या गाडीची किल्ली काढतो व्हय रं? तुझ्या आईला सांगू का?"

"मावशी, तू भजी तळ. करपतील."

दुसरा धावतच आला. तिशीचा पोरगा, गळ्यात बाबांच्याच कंपनीच्या पट्टीचं ओळखपत्र, उलटं झालेलं. "फोटो काढले ना तुम्ही? डिलीट करा."

मी समोरच डिलीट केले. त्याने मान हलवली. "डिलीट केलेलं परत काढता येतं, मॅडम. सॉफ्टवेअर असतात. कार्ड द्या."

"कार्ड मिळणार नाही. रस्ता सार्वजनिक आहे."

"आहे ना. मी कुठं नाही म्हणतो?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "इंजिन गरम झालं म्हणून कव्हर मी काढायला लावलं. परवानगी न घेता. ते फोटो बाहेर गेले तर मला गेटच्या आत घेणार नाहीत. मागच्या वर्षी असाच एक फोटो गेला, तर तिघांना घरी बसवलं. तुमच्यासाठी टाइमपास असेल."

"सर, पोलिसांना लावू का फोन?" मल्हारी म्हणाला. "पेठवरनं येत्यात अर्ध्या तासात."

"थांब रे."

"त्या कार्डवर माझ्या वडिलांचे फोटो आहेत," मी म्हणाले. "ते आता नाहीत. त्या फोटोंची दुसरी कॉपी नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याला ते खरं वाटलं की नाही, कळलं नाही. "असं सगळेच म्हणतात," तो म्हणाला, आणि मग, "बरं. दाखवा. कंपनीचं काही नसेल त्यात तर कार्ड ठेवा तुमच्याकडे. नंबर द्या, फोटो कुठे देणार नाही असं लिहून द्या, संपलं. पण सगळं दाखवा. शेवटपर्यंत."

मी नाही म्हणू शकले असते. किल्ली त्यांच्याकडे होती, पण भिमाबाई होती, रस्त्यावर जीपा येत-जात होत्या. तरी मी हो म्हटलं. दाखवलं तर कार्ड वाचत होतं. बाबांनी झाकलेल्या गाडीचा फोटो कधीच काढला नसता, याची मला खात्री होती. भीती वेगळीच होती: ते फोटो मी असे, एका अनोळखी माणसाला खांद्यावरून डोकावू देत, पहिल्यांदा बघणार होते.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात ठेवूनच मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि बटण दाबत गेले. स्क्रीनवर ऊन पडत होतं. त्याने हाताचा आडोसा धरला. माझे फोटो गेले. द्वारकाच्या पुलाखालच्या रिक्षा. टँकर. पावडर लावलेल्या आजोबांची लाल लुना. मग तो माझा पहिला फोटो आला, फेब्रुवारीतला, हललेला.

"पुढे?" तो म्हणाला.

मी बटण दाबलं.

पांढरी जुनी मारुती, बोनेटवर मांजर झोपलेलं. आमच्याच गल्लीतली. बाबांनी शेवटचा फोटो हा काढला होता. मला श्वास घ्यायला थांबायचं होतं, पण थांबले असते तर त्याला संशय आला असता. पुढे गेले. रविवार कारंजावर अडकलेली सिटीबस, तिच्या आरशात बाबांची टोपी. एका ट्रकच्या मागच्या फळीवर रंगवलेले मोर. गॅरेजमध्ये गाडीखाली शिरलेल्या पोऱ्याचे फक्त पाय. बाबांना गंमत वाटली असणार. तीन वेळा काढला होता.

"चांगले काढायचे," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. मल्हारीही जवळ येऊन बघू लागला.

मी पुन्हा दाबलं, आणि केरूकाका दिसले.

केरूकाका म्हणजे बाबांचे जोडीदार. पेंट शॉपमध्ये दोघे एकाच लाइनवर होते. काका अजून नोकरीत आहेत, दोन वर्षं राहिलीत. फोटोत ते नारिंगी हेल्मेट घालून हसत होते, आणि त्यांच्या मागे, ट्रॉल्यांवर, रंगाला निघालेल्या गाड्यांच्या नुसत्या बॉड्या उभ्या होत्या. ओळीने. मी काही न समजून पुढचं बटण दाबलं. त्या फोटोत बाबा होते. तसंच हेल्मेट, जरा तिरकं. त्यांचा एक हात एका करड्या बॉडीच्या बोनेटवर टेकलेला, आणि ते कॅमेऱ्याकडे न बघता त्या हाताकडे बघत होते.

डिसेंबरमध्ये कंपनीचा फॅमिली डे होता. निवृत्त लोकांनाही बोलावलं होतं. आत फोटोला बंदी, म्हणून मोबाइल गेटवर जमा केले होते सगळ्यांनी. बाबांनी स्वेटरच्या खिशात कॅमेरा नेला असणार, आणि जेवणाच्या सुट्टीत केरूकाकांनी त्यांना आपल्या लाइनवर सोडलं असणार. एवढं आयुष्य तिथे गेलं, आणि त्या जागेचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. "मागचा दाखवा."

"कोणता?"

"हेल्मेटवाला. प्लँट होता तो." त्याने हात पुढे केला. "द्या इकडे. झूम करू द्या."

हेल्मेटवर नावाची पट्टी असते. बाबांना आता कोणी काही करू शकत नव्हतं. केरूकाकांना करू शकत होतं. त्याने कॅमेऱ्याला हात घातला, पट्टा माझ्या मानेला काचला. मी कॅमेरा छातीशी ओढला आणि खालचं झाकण उघडलं. कार्ड नखाएवढं, जरा कोमट होतं. दोन्ही अंगठे लावून मी ते मधोमध मोडलं. पहिल्यांदा नुसतं वाकलं. दुसऱ्यांदा तुटलं.

कढईतलं तेल तेवढं वाजत होतं.

"अहो," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी एवढं नव्हतं सांगितलं."

"तुम्हाला कार्ड हवं होतं." मी तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले. "आता काही काढता येणार नाही ना त्यातून?"

त्याने तुकडे पाहिले. "नाही." मग म्हणाला, "तो प्लँट होता ना, मॅडम?"

"गॅरेज होतं."

त्याने तुकडे खिशात टाकले. त्याचीही सुटका झाली होती, आणि ते त्याला माझ्यापासून लपवता येत नव्हतं. मल्हारीने किल्ली माझ्या हातात न देता स्कूटरला परत लावली. भिमाबाईने चहा पुढे केला. "घे गं माय. साखर जादा टाकलीया." मी उभ्याउभ्या प्यायले आणि घाट उतरले.

घरी गेले नाही. सातपूरला केरूकाकांच्या कॉलनीत गेले. लताकाकू दारात गहू निवडत होत्या. काकांनी मला पाहिलं आणि त्यांना म्हणाले, "चहा टाक गं. आलं घालून." काकू आत गेल्या तसे ते जवळ सरकले. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून बघत होते. ते वाळले होते.

"वेदू, जयरामच्या कॅमेऱ्यात काही सापडलं का गं?"

"सापडलं."

त्यांनी डोळे मिटले.

"कोणाला दिसलं नाही, काका. आणि आता ते नाहीये." जे झालं ते मी थोडक्यात सांगितलं.

त्यांनी मोठ्याने हुश्श केलं. मग त्या हुश्श करण्याची त्यांना लाज वाटली असावी. उठून त्यांनी पंखा वाढवला, परत कमी केला. "मोडायला नको होतंस," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "काढलं असतं मला तर काढलं असतं. दोन वर्षांनी घरीच बसायचंय. चार महिने तुला विचारायचं होतं, पण कसं विचारू? तेराव्याला आलो तेव्हा कॅमेरा कपाटावरच होता. बघत बसलो नुसता."

"तुम्ही छान आलात फोटोत. हसताय."

"तो हसवत होता. भित्रा म्हणत होता मला." ते खुर्चीत बसले. "आणि त्याचा? मी काढला तो. माझा हात हलला असेल."

"नाही हलला."

"सांग बरं कसा आलाय."

मी सांगू लागले. हेल्मेट तिरकं होतं. स्वेटर तो तपकिरी. खाली बघत होते, बोनेटवर हात ठेवला होता, डावा, आणि मनगटावरचं घड्याळ चमकत होतं.

"घड्याळ नव्हतं," काका म्हणाले.

"होतं, काका. मी पाहिलं ना आत्ता."

"लाइनवर घड्याळ, अंगठी काही चालत नाही. बॉडीला चरा पडतो. मीच काढायला लावलं होतं त्याला. माझ्या खिशात होतं तेव्हा."

घाटातून काकांच्या घरी पोचेपर्यंतही तो फोटो माझ्याकडे जसाच्या तसा राहिला नव्हता. आतून आलं कुटल्याचा आवाज येत होता.

"बरं," मी म्हटलं. "घड्याळ नव्हतं. पुढे सांगा, काका. हात कोणता होता?"