तेल सोडून सगळं मिळालेली रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. म्हणजे माझ्यातला जेवढा भाग जुना उरला आहे, तेवढीच. बाकीची मी टपालाने आले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईने मला उलटसुलट करून पाहिलं, शिक्का मारला आणि ती डबा खायला निघून गेली. तेव्हा मला वाटलं होतं, जगात सगळी माणसं अशीच शहाणी असतील.

माझं काम सोपं आहे. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा वायू मागे वळतो आणि माझ्या बोल्टला ढकलतो. बोल्ट मागे जाताना रिकामं टरफल बाहेर फेकतो, स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे लोटते आणि तो येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस घेऊन येतो. माणसाने फक्त चाप ओढायचा. माझा दुसरा मालक वायनो पेल्टोमाकी याने चाप ओढण्याव्यतिरिक्त सगळं केलं.

पहिला मालक त्याचा बाप, आर्विड. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठावरचा माणूस, बोलणं कमी. जन्मभर एकाच जातीची पितळी काडतुसं वापरली. आमच्याकडे हरणांच्या मोसमात नाकातला श्वास गोठतो, तिथे तेलाचं काय होत असेल! त्याची खीर होते आणि बोल्ट तिच्यात रुतून बसतो. म्हणून म्हातारा हिवाळ्यात मला पुसून कोरडी ठेवायचा आणि सरोवरावरचा बर्फ फुटला की पुन्हा तेल द्यायचा. मरण्याआधी त्याने मुलाला बजावलं, "थंडीत कोरडी ठेव. बर्फ फुटला की तेल दे."

वायनो तेव्हा कुत्र्याशी भांडत होता. त्याच्या कानात एवढंच शिरलं: कोरडी ठेव.

त्याने ठेवली. जानेवारीत कोरडी, जुलैमध्ये कोरडी. उन्हाळ्यात माझा बोल्ट कुरकुरायला लागला आणि एके दिवशी काडतूस अडकलं. तेलाची बाटली त्याच्या कोपराशी होती. त्याने ती बाजूला सरकवली आणि नवी, जास्त जोरकस काडतुसं मागवली.

त्यांचा वायू एवढा दणदणीत की बोल्ट खडखडत मागे आपटू लागला. टरफलं थेट शेजारच्या बाकावर, ट्रेवार्था नावाच्या म्हाताऱ्याच्या कॉफीत. ट्रेवार्था आमच्या नेमबाजी क्लबाचा प्रमुख. तो टरफल चमच्याने बाहेर काढायचा आणि कॉफी प्यायचा. मग वायनोने माझ्या दस्त्यात बोल्टला अडवायला जड वजन घातलं, स्प्रिंग काढून कडक बसवली, वायू कमी यावा म्हणून नळीवर एक स्क्रू बसवून तो आवळला. झालं, बोल्ट शांत झाला. आणि मग जोरकस काडतुसं संपली. त्याने स्वस्तातली, मवाळ, लोखंडी टरफलाची आणली.

आता बघा. वायूचा धक्का मवाळ, त्यातला निम्मा स्क्रूने अडवलेला, वाटेत जड वजन आणि सगळं ठणठणीत कोरडं. जेवणं झाल्यावर भांडी घासायला उठतो असं दाखवून पुन्हा बसणारी माणसं असतात ना, तसा माझा बोल्ट अर्ध्यावर येऊन परत जायचा.

वायनोने स्क्रू सैल केला का? वजन काढलं का? छे. त्याने बोल्ट बदलला. नळी बदलली आणि तो आवळलेला स्क्रू नव्या नळीवर निष्ठेने पुन्हा बसवला. शेवटी दस्त्याचा रंग बदलला. माझ्या पोटात दुखत होतं आणि हा मला टोपी घालत होता.

त्याची मोठी बहीण सिल्वी शाळेची बस चालवते. ती एका दुपारी पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भाजलेली मोठी करंजी, घेऊन आली, तर टेबलावर मी पसरलेली. पास्टी ठेवायला जागा नाही.

"वायन्या, एका वेळी एकच गोष्ट बदल ना रे. निदान कळेल तरी काय बिघडलंय."

"सिल्वी, तू बस चालव. हे माझं खातं आहे."

"बस बंद पडली की मी आधी डिझेल बघते. तू असतास तर सीटची कव्हरं बदलली असतीस."

"इंटरनेटवर एका माणसाने सांगितलंय, वजन आणखी वाढवायचं."

"कोण माणूस?"

"नाव नाहीये. लांडग्याचा फोटो आहे."

"मग त्या लांडग्याला विचार, तेल कधी घालतो."

"बाबा म्हणायचे कोरडी ठेव!" वायनोने टेबलावर मूठ आपटली. माझी एक पिन पास्टीत गेली. "आणि ऐकून ठेव. शनिवारी स्पर्धेत ही अडकली, तर हिला तोडून सुटी विकतो. तुकडा तुकडा."

सिल्वी पिन चाटूनपुसून परत ठेवत म्हणाली, "काढलेले जुने पार्ट मला दे."

"भंगार आहे ते."

"मग भंगार दे."

इथे एक सरकारी बाब सांगते. कायद्याने रायफल म्हणजे फक्त तो पोकळ सांगाडा, ज्यावर नंबर ठोकलेला असतो. बाकी सगळे सुटे भाग. म्हणजे मी कोण, तर एक नंबर असलेलं भोक. आणि या भोकाचा जीव शनिवारवर टांगलेला.

शनिवारी सिल्वी बसमधून उतरली ती एक रायफल घेऊनच. सांगाडा दुकानातून आणलेला, नवा. पण नळी माझी! बोल्ट माझा, स्प्रिंग माझी, आणि सगळं तेलाने तुकतुकीत. मित्रांनो, तुमचं काळीज शेजारच्या बाकावर पाय हलवत बसलेलं तुम्ही कधी पाहिलं आहे का?

निशाणाला उभी केलेली लोखंडी डुकरं पाडायची होती. ट्रेवार्थाने शिट्टी फुंकली. वायनोने पहिलं डुक्कर पाडलं आणि आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या बाराला बोल्ट अर्ध्यावरून परतला, टरफल धुराड्यासारखं उभं अडकलं. मी संपले. वायनोने मला थापटलं, हलवलं, शिव्या दिल्या. काडतुसं खराब, मॅगझिन खराब, हवा दमट, आणि सिल्वी फार जोरात श्वास घेते.

"वायनो," ट्रेवार्था म्हणाला, "नळी समोर ठेव आणि तोंड बंद ठेव."

सिल्वीने वायनोच्याच खोक्यातली मूठभर मवाळ काडतुसं उचलली आणि सगळी डुकरं आडवी केली.

वायनोने आडवी डुकरं बोटाने मोजली. मग म्हणाला, "नशीब. तसली रायफल माझ्याकडे असती ना..."

"घे की. बदली करू. ती तुकडे करून विकायची होती ना? ती मला दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे, दया आल्यासारखं. "सिल्वी, तुला कोणीही फसवतं गं," म्हणाला आणि तिने विचार बदलायच्या आत तिला बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला. कागदांवर मालकांची नावं रीतसर बदलली.

सिल्वीने स्क्रू सैल केला आणि चार बार काढले. मग जड वजन काढून आणखी चार. मग तेल. दर वेळी एकच गोष्ट, आणि दर वेळी टरफल कुठे पडतं ते बघून. तिसऱ्या खेपेला मॅगझिन न अडकता रिकामं झालं. मला रडू आलं असतं, पण फटीतून तेलच आलं.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगते. हात नाहीत, तरी सांगते. वस्तू कुरकुरली तर आधी तेल द्या, एका वेळी एकच स्क्रू फिरवा आणि लांडग्यांचं ऐकू नका. आणि वस्तू नीट चालत असेल, तर कृपा करून खुर्चीत बसा.

वायनो मात्र बसलेला नाही. नवी रायफल एकदाही अडकली नाही, हे त्याला खुपतंय. काल शेजाऱ्याला सांगत होता, "चालते झकास, पण जरा साधीच वाटते." आज त्याच्या दारात टपालगाडी थांबली आहे आणि गॅरेजमध्ये दिवा लागला आहे. आत माझी नळी आहे, माझा बोल्ट आहे. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल, तर पळत जा आणि त्याची वीज तोडा.