वीतभर आखूड झालेली मगर

“ही मगर दाराला लावाल तेव्हा एका टोकाला थोडी फट राहू द्या. शेगडीलाही हवा लागते.”

लोखंडी शेगडी बसवून झाल्यावर, हाताची काजळी फडक्याला पुसत शेगडीवाले काका एवढं एकच वाक्य बोलले होते. मित्रांनो, ते मी स्पष्ट ऐकलं आणि सरळ कानाआड केलं. खरं म्हणजे मला कान नाहीत, शिवायचे राहून गेले. पण मी काय म्हणते ते तुम्हाला समजलं असेल.

मी एक जुनी मगर आहे. घाबरू नका, मी कापडाची आहे. आजोबांच्या हिरव्या लोकरी कोटाची. कोटाचं कोपर झिजलं आणि आजोबाही राहिले नाहीत, तेव्हा आत्याने त्याची लांबच लांब पिशवी शिवली, पोटात चिंध्या आणि बारीक वाळू ठासली, पांढऱ्या नागमोडी फितीचे दात लावले आणि डोळ्यांना कोटाचीच दोन बटणं. त्यातलं एक आधीच हरवून बदललेलं होतं, म्हणून माझा डावा डोळा तपकिरी आणि उजवा काळा. आत्या शिवणकाम करते. सगळ्या गल्लीचे कपडे तिच्या हातून जातात, पण “माझ्या हातचं सर्वांत चांगलं काम म्हणजे ही मगर,” असं ती अजून सांगते. मी ते दरवेळी नव्याने ऐकते.

माझं काम सोपं नव्हतं. आमचं घर पहिल्या मजल्यावर. बैठकीच्या खोलीचं दार उघडलं की समोर जिना, आणि हिवाळ्यात त्या जिन्यातून वारा असा वर चढायचा की जणू त्याला घरी बोलावलंय. दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीवर मी आडवी पडायचे, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. घरात शेवटी येणाऱ्याने मला पायाने दारापाशी सरकवायचं आणि “मगर लागली!” असं ओरडायचं, मग बूट काढायचे, हा घरचा नियमच झाला. बाबा बस चालवतात. दमूनभागून आले की कधी विसरायचे. मग सात वर्षांची भिंगरी कमरेवर हात ठेवून विचारायची, “बाबा, मगर काय पोहायला गेलीय?”

तीन हिवाळे मी असे काढले. चौथ्या हिवाळ्याआधी घरात बाळ आलं, आणि पाठोपाठ ती लोखंडी शेगडी.

बाळाची आई शिकलेली, वाचणारी, आणि काळजी करण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाळ रडलं की तिला वाटायचं, का रडतंय? गप्प बसलं की वाटायचं, का बरं गप्प बसलं? झोप तर इतकी सावध की कुणी जिन्यातून नुसतं “काय गं?” म्हटलं तरी ती झोपेतच “हं” म्हणायची. तिने ठरवलं, यंदा बैठकीची खोली अशी सजवायची की थंडीने दारातूनच परत जावं.

आणि काय सजवली हो तिने खोली! खिडकीला मेणबत्तीच्या ज्योतीच्या रंगाचे जाड पडदे. सोफा खिडकीपासून उचलून शेगडीसमोर. जुने स्वेटर उसवून विणलेला गालिचा, त्यात बाबांचा कॉलेजातला निळा पट्टा ओळखू यायचा. दिव्याला पिवळं कापड, कोपऱ्यात उशांचा ढीग, आणि शेगडीवर सदा वाफाळणारी किटली. शेजारपाजारचे येऊन म्हणायचे, “बसलं की उठावंसंच वाटत नाही.” मग त्यांची नजर खाली जायची. “अगंबाई, आणि ही मगर!” त्या वेळी माझ्या पोटातली वाळूसुद्धा ताठ व्हायची.

काकांचं सांगणं आईच्या लक्षात होतं. सुरुवातीला तिने भिंतीत वर असलेला झरोका उघडा ठेवला होता. पण एके सकाळी बाळाला दोन शिंका आल्या. दोनच. झरोक्यात उशी गेली. मग खिडकीच्या सांध्यांवर चिकटपट्टी बसली. शेवटी गालिच्याची कडही तिने माझ्या पाठीला नेऊन टेकवली, म्हणजे मी जागची हलायला नको. मी म्हटलं, अशी कदर व्हायला हवी! काका काय, आले आणि गेले. वर्षानुवर्षं दार मी सांभाळलंय, मला कोण शिकवणार?

आत्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. दुपारी चार वाजता मशीन बंद करून खाली यायचं, बाळाचा पापा घ्यायचा, चहा प्यायचा आणि आईला दोन टोमणे मारून परत जायचं, हा तिचा नेम. एक दिवस आई चाचरत म्हणाली, “ताई, रागावू नका हं. पण दार उघडलं की सगळी ऊब निघून जाते हो.”

“म्हणजे मी यायचं नाही, असंच ना?”

“तसं नाही हो, पण बाळाला शिंका...”

“कळलं, कळलं. लहान आहे ते.” आत्याने शाल आवळली. “मी आपली जिन्यातूनच हजेरी घेईन. ‘आहात का गं?’ म्हणेन, तू ‘आहोत’ म्हण. चहा तेवढा फटीतून सरकव म्हणजे झालं.”

“फट कुठे राहिलीय आत्या?” भिंगरी म्हणाली. “मगर आहे ना!”

सगळे हसले. सर्वांत जास्त मी.

त्यानंतर रोज चार वाजता बंद दाराशी आवाज यायचा, “आहात का गं?” आणि आतून “आहोत!” मग आत्याची पावलं वर जायची. खरं सांगू? त्या पावलांत आधीची ऐट नव्हती. पण ऊब कशी टिकली होती! खिडकीच्या काचांना घाम फुटायचा, तो पाहून मला वाटायचं, हा माझाच पराक्रम. भिंगरी म्हणायची, “आई, इथे बसलं की माझं डोकं दुखतं.” आई म्हणायची, “अभ्यासाचं पुस्तक उघडलं की तुझं दुखतंच.” तिचंही दुखायचं, पण लहान मूल असलेल्या बाईचं डोकं दुखलं तर त्यात नवल ते काय, असं तिला वाटायचं.

मग ती दुपार आली. बाबा बसवर, भिंगरी शाळेत. बाळ सोफ्यावर निजलेलं, आई त्याच्याशेजारी टोपडं विणत बसलेली. शेगडी मंद, तांबूस दिसत होती. पाहता पाहता आईच्या हातातली सुई खाली पडली. लोकरीचा गुंडा घरंगळत माझ्यापर्यंत आला. आईने तो उचलला नाही. मला वाटलं, दमलीय बिचारी, माझ्या उबेत झोपली. मी आणखी घट्ट पडून राहिले.

चार वाजले.

“आहात का गं?”

आतून काही नाही.

“अगं, आहात का?”

काहीच नाही.

“झोपली असेल बाई. झोपू दे.” आत्याची पावलं वळली. एक पायरी, दुसरी, तिसरी, चौथी. आणि थांबली. ती स्वतःशीच पुटपुटली ते मी ऐकलं. “झोपली तरी ती ‘हं’ म्हणते की.”

पावलं धडधडत खाली आली. आत्याकडे आमची जादा किल्ली असते. कुलूप उघडलं, पण दार नाही. दाराशी मी होते ना! दार ढकललं की मी गालिच्यात रुतायचे, आणि जितकं ढकलावं तितकी पाचर पक्की व्हायची. मित्रांनो, मगरमिठी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

“सोड गं मेले, सोड!” आत्याने खांदा लावला. सगळ्या अंगाचा भार टाकला. तिच्याच हातची दुहेरी शिवण होती माझी, सहजासहजी सुटणारी नव्हे. पण सुटली. टर्रकन माझं पोट फाटलं, वाळू भसाभसा गालिच्यावर सांडली, मी चपटी झाले आणि दार उघडलं. ज्या वाऱ्याला मी चार हिवाळे अडवलं, तो माझ्या अंगावरून आत धावला. त्याच्यासारखा पाहुणा या घरात कधी आला नव्हता.

आत्या बाळाला उचलून आधी जिन्यात पळाली. तिच्या हाका ऐकून खालचे दुकानदार धावत वर आले, त्यांच्या हाती बाळ देऊन ती परत आत आली, नखांनी चिकटपट्टी ओरबाडून तिने खिडकी सताड उघडली, मग दोघांनी मिळून आईला बाहेर नेलं. भिंगरी शाळेतून आली तेव्हा घर गार पडलं होतं आणि मी एकटीच दारात पसरले होते.

दवाखान्यात दोघांना दोन दिवस प्राणवायू लावला. डॉक्टरांनी समजावलं की खोली सगळीकडून बंद केली तर शेगडीला हवा पुरत नाही, धुराड्यातून वर जायचा तो वायूही खोलीतच राहतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला गुपचूप झोपवतो. “आणखी अर्धा तास गेला असता तर...” म्हणत डॉक्टरांनी बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

तिसऱ्या दिवशी बाळ घरी आलं आणि आल्या आल्या त्याने असं भोकाड पसरलं की सगळा जिना हसला. आई मात्र माझ्यापाशी जमिनीवर बसली. मूठभर वाळू तिने हातात घेतली.

“माझ्याच हातांनी बंद केलं हो सगळं, ताई. तुम्हालासुद्धा.”

आत्या सुईत दोरा ओवत होती. “हात तुझे, मगर माझी. अर्धं अर्धं वाटून घेऊ. आता नाक पूस आणि ती इकडे दे.”

तिने माझं पोट शिवलं. मग कात्री घेतली आणि माझ्या शेपटाची वीतभर लांबी मोजली. भिंगरी ओरडली, “आत्या, दुखेल तिला!”

“शेपूट गेलं तरी तिचा तोरा जायचा नाही. काही दुखत नाही.”

दुखलं, पण थोडंच. कापलेल्या तुकड्याची आत्याने टाचण्या खोचायची उशी केली. ती तिच्या मशीनवर असते, म्हणजे माझं शेपूट आता वरच्या मजल्यावर राहतं. शेगडीवाले काका पुन्हा आले. त्यांनी धुराडं झाडलं, झरोक्यातली उशी काढून जाळी बसवली, भिंतीवर हवा बिघडली की किंचाळणारं एक छोटं यंत्र लावलं. “सांगितलं होतं” हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते, पण आईचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळले. जाताना वाकून माझ्या शेपटाकडची फट बोटाने चाचपली आणि म्हणाले, “आता मगर बरोबर मापाची आहे.”

मित्रांनो, माझ्या दातांचं, डोळ्यांचं, कोटाच्या लोकरीचं पुष्कळ कौतुक झालंय. पण हे कौतुक मी सर्वांत वर ठेवलंय.

खोली अजूनही तितकीच देखणी आहे. पडदे आहेत, किटली आहे, निळ्या पट्ट्याचा गालिचा आहे, तो आता माझ्यापासून हातभर लांब असतो. पाहुणे विचारतात, “मगर आखूड कशी?” मग भिंगरी सगळी गोष्ट सांगते, आणि मी फाटले त्या जागी आली की माझी शिवण बोट ठेवून दाखवते. माणसं पदक मिरवतात तशी मी ती शिवण मिरवते. आत्या चारला येते, दार चांगलं सताड उघडून, आणि चहा बसून पिते. रोज सकाळी आई वर जाते आणि आत्याच्या दारात उभी राहून विचारते, “ताई, आहात का?” आत्याच्या घरीही शेगडी आहे ना.

लोक म्हणतात, मगरीचे अश्रू खोटे असतात. माझ्या बटणांना तर अश्रूही येत नाहीत. पण माझं एवढं म्हणणं खरं माना. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत कुणीतरी थंडीला भिऊन दारं-खिडक्या लावून, शेगडी पेटवून बसलं असेल. कदाचित त्यांनी तुम्हाला “रोज नका येऊ” असंही सांगितलं असेल. तरी आज त्यांच्या दारी जा. टकटक करा आणि विचारा, “आहात का?”

आणि आतून निदान “हं” ऐकू आल्याशिवाय एकही पायरी परत चढू नका.